तीन नंबरच्या घरातला टॅप

शिरवळच्या त्या शेडमध्ये सकाळपासून काम बंद होतं. सीएनसी मशीनच्या दारावर लिंबू-मिरची, समोर उदाचा धूर आणि आजूबाजूच्या कारखान्यांतून जमलेली माणसं. कोरेगावचा देवऋषी हरिबा मशीनच्या पत्र्याला कान लावून उभा होता.

"लय रागात हाय," तो म्हणाला. "कायतरी मागतंय."

"ऑइल मागतंय का बघा, कमी पडलंय," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं हसले. बाकीच्यांनी हात जोडले.

खंडेनवमीला मशीनची हत्यारं उतरवून पूजली, परत बसवली आणि त्यानंतर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मोडला. मालक आप्पासोंनी हरिबाला बोलावलं. त्याने आधी ऑपरेटर मोहसीनला बाहेर काढलं, मग सगळी हत्यारं पुन्हा उतरवून, धुऊन, हळदकुंकू लावून परत चढवायला सांगितली. नवा टॅपही मोडला. "राग भाईर पडला," हरिबा म्हणाला. तिसरा मोडल्यावर त्याला मोहसीनची सावली दिसली. आज मोहसीनचा हिशेब करून त्याला घरी पाठवायचं ठरलं होतं.

"आवं आप्पासो, एकदा आत बघू तरी द्या," मोहसीन दारातून म्हणाला.

"हरिबा न्हाई म्हनतोय रं."

माल तपासायला आलेल्या अपेक्षा नावाच्या इंजिनिअरने असला धूर दुसऱ्या गावांतही पाहिला होता. तिने थकून खुर्ची ओढली. "हत्यारं परत कुणी बसवली?"

"मी. दोन्ही येळंला, माझ्या हातानं," आप्पासो म्हणाले. "मोठ्यापासून बारक्यापर्यंत, ओळीनं. देवाचं काम, कशीबी कशी लावायची?"

तिने डोळे चोळले. मशीनमधला घडवायचा लोखंडी तुकडा काढायला लावला आणि प्रोग्रॅम नुसता हवेत चालवला. मशीनने तीन नंबर मागितला. हत्यारांचं चक्र फिरलं. टॅप बाहेर आला.

"तीनच्या घरात ड्रिल हवं," ती म्हणाली. "आधी भोक, मग आटे. मशीन हत्यार ओळखत नाही, घराचा नंबर ओळखतं. भोक नसलेल्या लोखंडात टॅप घातला तर मोडणारच."

"देवानंच तसं लावून घेतलं," हरिबा म्हणाला.

"मग मोहसीनला का काढताय?"

हरिबाने नारळ पिशवीत टाकला.

मोहसीनने आत येऊन हळद पुसली आणि एकेक हत्यार आपापल्या घरात बसवलं.

"फुडच्या खंडेनवमीला काय करायचं?" आप्पासोंनी खालच्या आवाजात विचारलं.

"पूजा करा. हत्यारं उतरवू नका. उतरवलीच तर नंबर बघून बसवा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, पहिला फेरा हवेत मारा."

दुपारी हरिबा रहिमतपूरला गेला. तिथे एका बंद मोटरला कान लावायचा होता. बोलावणारे असतातच. त्यांनी आधी एवढंच विचारावं: शेवटचा हात कुणाचा लागला होता? कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी तर नक्कीच.