राहून गेलेली उडी

मी उजवा बोलतोय. बर्फावर स्केटिंग करायच्या बुटांच्या जोडीतला उजवा. डावाही आहे, पण तो पडला घुमा. काहीही विचारलं की "मला काय ठाऊक" म्हणतो आणि गप्प बसतो. त्यामुळे बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यातून तुम्हाला सगळा उलगडा होईल अशी आशा धरू नका. तो मलाच झालेला नाही. लोक आज ज्या क्षणासाठी आमचं कौतुक करतात, त्या क्षणी मी काहीच करत नव्हतो. हवेत होतो. नुसता, मागे ताणलेला.

मला शिवलं एका म्हाताऱ्या बूटवाल्यांनी. आमच्या दादाचा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला, दाबला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "बोटं बघ कशी फाकलीत, एकमेकांशी भांडल्यासारखी!" दादा म्हणजे आमचा मालक. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

जाड चामडं, आत मऊ अस्तर आणि तळाला स्क्रूंनी घट्ट बसवलेलं पोलादी पातं, असा माझा बांधा. पात्याच्या टोकाला करवतीसारखे दाते. या दात्यांचा मला फार अभिमान होता. काही उड्या अशा असतात की डाव्या पायावर मागे मागे घसरत जायचं, उजवा पाय मागे लांब ताणायचा आणि त्याचे दाते बर्फात रोवून अंग वर फेकायचं. ते रोवायचं काम माझं. डाव्याने मला तिथवर आणून सोडायचं, बस्स.

आम्हा बुटांचे डोळे म्हणजे नाड्यांची भोकं. नाड्या आवळल्या की डोळे मिटले. त्यामुळे दादाला स्केटिंग करताना मी कधी पाहिलंच नाही. घोटा, घाम, अंगावर आदळणारं वजन, एवढीच माझी ओळख. लोक म्हणत, "काय डौल आहे!" मला वाटायचं, हे कुणाबद्दल बोलतायत? आत तर नुसती धडपड चालली आहे.

त्याला शिकवायच्या त्या बाई. अगदी लहानपणापासून त्यांनीच शिकवलं. बाईंचा आवाज चामड्याच्या आरपार जायचा. "गुडघा वाकव! खांदा बघ तो डावा, पिशवी लटकवल्यासारखा!" शाबासकी देणं त्यांना जमायचंच नाही. फारच खूश झाल्या तर "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"साठी दादा आम्हाला घालून अक्षरशः घासायचा. बाईंनी सांगितलं की तो थकलाय, तर तो थकलेला असायचा. बाई म्हणाल्या अजून दम आहे, तर कुठूनसा दम यायचाच.

मग ऑलिम्पिक आलं.

त्या संध्याकाळी दादाने नाड्या बांधल्या तेव्हा त्याचे हात अजिबात थरथरत नव्हते. हे मला पक्कं आठवतं, कारण एरवी ते थरथरायचे. संगीत सुरू झालं आणि सगळं जमत गेलं. उड्या जमल्या, गिरक्या जमल्या. शेवटची एकच उडी उरली. ती सोपी नव्हती, पण आम्हाला ती झोपेतही आली असती.

दादा डाव्यावर मागे घसरत निघाला. मी मागे ताणला गेलो. दाते परजून तयार झालो. आता रोवायचं, म्हटलं. आता. आता तरी.

तो क्षण आलाच नाही.

डावा चाललाच होता. दादाचा गुडघा हलत नव्हता, कंबर हलत नव्हती. एक मोठं वळण घेत आम्ही जवळजवळ अख्खं मैदान ओलांडत होतो आणि मी मागे लोंबकळत होतो. तळव्याला गार वारा लागत होता. मी मनात ओरडत होतो, अरे रोव की मला! संगीत संपलं तेव्हा दादाने मला अलगद खाली टेकवलं, जसा झोपलेल्या पोराचा हात खाली ठेवावा.

आधी शांतता. मग टाळ्या, पण त्याही गोंधळलेल्या. काही लोक उभे राहिल्याचा खुर्च्यांचा खडखडाट आला, काही शेजाऱ्याला विचारत होते, "उडी कुठे गेली?"

उडी गेली तिथेच पदकही गेलं. दादा चौथा आला.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने नाड्या सोडल्या आणि माझे डोळे उघडले. समोर बाई उभ्या होत्या, कोट घालून, निघायच्या तयारीत. दादाने मान वर केली.

"घाबरलास," बाई म्हणाल्या.

एवढंच. आणि गेल्या. दादाने माझ्या पात्यावरचा बर्फ पुसायला घेतला.

त्यानंतर त्याने स्केटिंग सोडलं. शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायची नोकरी धरली. म्हणजे बर्फ सुटला, पण थंडीने काही पाठ सोडली नाही. लग्न केलं नाही. बहिणीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला लागला. आम्हाला त्याने एका कापडी पिशवीत घातलं आणि कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे ठेवून दिलं. बाईंचा फोन आला नाही. यानेही केला नाही.

पिशवीत मी आणि डावा, दुसरं काय करणार? भांडायचो.

"तू थांबला का नाहीस?" मी विचारायचो.

"तू दाते रोवशील याची वाट बघत होतो," डावा म्हणायचा.

"आणि मी तुझी!"

"मला काय ठाऊक."

अशी कितीतरी वर्षं गेली. चामडं कडक झालं. पात्यावर गंजाचे डाग पडले. घाबरला होता का दादा? मी त्याच्या अंगाला चिकटलेलो होतो, मला कळायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या म्हणजे असेल, असं मीही धरून चाललो.

मग एका सुट्टीच्या दुपारी खालच्या मजल्यावर आरडाओरडा झाला आणि दादाची भाची धाडधाड जिना चढून वर आली.

"मामा! हा तू आहेस?"

तिच्या हातात मोबाईल होता. कुणीतरी त्या संध्याकाळचं जुनं चित्रण इंटरनेटवर टाकलं होतं आणि लोक ते पुन्हा पुन्हा बघत होते. भाचीने स्टुलावर चढून पिशवी खाली काढली, आम्हाला बाहेर काढलं, आणि फोटो काढायला म्हणून टेबलावर मांडलं. शेजारी तिचा मोबाईल चालूच होता. अशा रीतीने मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मी ओळखलंच नाही. एक सडपातळ मुलगा बर्फावरून मागे मागे चालला होता, जणू त्याला कुणी हळूच ओढून नेत होतं. एक पाय मागे, पक्ष्याच्या शेपटीसारखा. "तो तू," डावा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपणहून बोलला. मला पटेना. माझ्या आठवणीत तर नुसता वारा आणि वैताग होता.

"लोक काय काय लिहितायत बघ," भाची म्हणाली. "हा म्हणतो, त्याच दिवशी तुझी आई गेली होती, म्हणून तू उडी मारली नाहीस."

दादाची बहीण दारात येऊन उभी राहिली होती. "काहीतरीच! आई टीव्हीसमोर बसून ओरडत होती, मार की मेल्या उडी! अख्खी गल्ली गोळा झाली होती."

"ही म्हणते, परीक्षकांचा निषेध. आणि हा म्हणतो, प्रेक्षकांत तुझी प्रेयसी बसली होती."

"कोण?" बहिणीने एकदम विचारलं.

"कुणी नाही गं," दादा म्हणाला. तो मोबाईलकडे बघतही नव्हता. "घाबरलो होतो. सोड ना."

भाचीने काही सोडलं नाही. बाईंचा नंबर तिनेच शोधून काढला की बाईंनीच फोन केला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दोघी वेगवेगळं सांगतात. एवढं खरं की फोनवर तोच आवाज होता, जरा फाटलेला. "ये," बाई म्हणाल्या. "आणि बूट आण."

बाई आता एका वृद्धाश्रमात राहत होत्या. छोटी खोली, पलंग, खुर्ची, खिडकीत दोन कुंड्या, भिंतीवर टीव्ही. त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, पण पाठ तशीच ताठ. दादा दारातच अडखळला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा राहिला.

"जाड झालास," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"बस."

भाचीने मोबाईल टीव्हीला जोडला. दादा खिडकीकडे बघायला लागला. "समोर बघ," बाई म्हणाल्या, आणि त्याने बघितलं. आम्ही त्याच्या मांडीवर होतो, त्याने आम्हाला पोटाशी घट्ट धरलं.

चित्रण सुरू झालं. उड्या, गिरक्या. "डावा खांदा," बाई पुटपुटल्या. मग ते लांब वळण आलं. बाई पुढे झुकल्या. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव." भाचीने परत लावलं. मग पुन्हा एकदा.

"मी हे पाहिलंच नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही तर कठड्याशीच उभ्या होतात," दादा म्हणाला.

"उडी आली नाही तशी मी पाठ फिरवली. कोट शोधत होते. पुढचं काही मी पाहिलंच नाही." त्यांनी भाचीला खूण केली. "थांबव. इथे. चेहरा मोठा कर."

पडद्यावर दादाचा तरुण चेहरा मोठा झाला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं. मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. आम्ही तर कायम खाली.

"घाबरलेला माणूस असा दिसतो?" बाईंनी विचारलं.

दादा पुन्हा खिडकीकडे वळला.

"मी तुला विचारतेय. घाबरला होतास?"

"तुम्ही म्हणालात ना," दादा म्हणाला. "तुम्ही म्हणालात घाबरलास. मला वाटलं, असेन."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग एकदम चिडल्याच. "मी म्हटलं म्हणून? अरे गाढवा, मी पाठ फिरवलेली बाई! मला काय माहीत? एक फोन करता येत नव्हता? म्हणता येत नव्हतं, बाई, तुमचं चुकलं?"

"तुमचं कधी चुकायचं नाही, बाई."

"चुकलं," बाई म्हणाल्या. अगदी हळू. आणि मग, "पण मग उडी का नाही मारलीस?"

दादाने मला हातात घेतलं आणि माझ्या दात्यांवरून अंगठा फिरवला. मीही कान टवकारले. हेच तर मला हवं होतं.

"खरं सांगू? माहीत नाही," तो म्हणाला. "बरं चाललं होतं. मोडावंसं वाटलं नाही."

"बरं चाललं होतं म्हणून कुणी ऑलिम्पिकचं पदक सोडतं?"

"तेच तर. काही कळत नाही."

"मूर्ख," बाई म्हणाल्या. पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून निघालं, "हं."

दादा रडायला लागला. भाची घाबरून पाणी आणायला पळाली. मला तर काहीच कळेना. पदक गेलं तेव्हा न रडलेला माणूस एका हुंकारावर का रडतो?

पुढच्या रविवारी ते तिघं बर्फाच्या मैदानावर गेले. दादाने मला पायात चढवायचा खूप प्रयत्न केला, पण त्याचा पाय सुजट झालेला आणि मी कडक. शेवटी त्याने तिथले भाड्याचे बूट घेतले, निळे, प्लास्टिकचे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बाईंनी मला आपल्या मांडीवर घेतलं. नाड्या सुटलेल्या, डोळे उघडे.

दादा कठड्याला धरून निघाला. आजूबाजूला पोरंटोरं पडत होती, उठत होती. त्याने कठडा सोडला, डगमगला, सावरला आणि गर्दीबरोबर एक साधी फेरी मारली. ना उडी, ना गिरकी. "गुडघा!" बाई ओरडल्या. शेजारच्या दोन अनोळखी माणसांनी दचकून आपले गुडघे वाकवले. मी मात्र त्याच्यावरून नजर काढू शकलो नाही. इतकी वर्षं मी त्याच्याच पायात होतो, आणि हा माणूस असा दिसतो हे मला आज कळलं.

आता मी बाईंच्या खोलीत असतो, खिडकीतल्या कुंड्यांच्या मध्ये. "एक मला दे," त्या म्हणाल्या, आणि दादाने मला दिलं. डावा त्याच्याकडे. मला त्याची आठवण येते, पण शेजारी होता तेव्हा तरी तो कुठे बोलायचा म्हणा. दर रविवारी दादा येतो. चहा होतो, चित्रण लागतं, आणि दोघांचं सुरू होतं. बाई म्हणतात, थकला होतास. तो म्हणतो, नाही. तो म्हणतो, संगीतामुळे असेल. बाई म्हणतात, हट्! मध्येच बाई माझ्याकडे वळून विचारतात, "का रे, तू तरी सांग!" मी काय सांगणार?

तर मंडळी, तुम्हीही ते चित्रण बघाल. बघा जरूर, आणि बघताना मागे ताणलेल्या माझ्याकडे न बघता डाव्याकडे बघा, सगळं काम त्याने केलंय. आणि बघता बघता तुम्हाला ती उडी का राहिली त्याचं कारण सापडलंच, तर एक विनंती आहे. ते कृपा करून इकडे कळवू नका. रविवारी यायला दादाला काहीतरी निमित्त हवं ना.