गोकुळची हाक

धम्मपाल फौजेतून पेन्शनवर आला, गारखेड्यात दोन खोल्या घेतल्या आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेटवर नोकरीला लागला. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरनं त्याला पाठीमागून नावानं हाक मारली, तर हा भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि अर्धा तास उठलाच नाही. लोक म्हणाले, फिट आली, आणि कंपनीनं त्याला बरं होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्याच्या बायकोला, विशाखाला, माहीत होतं की फिट नव्हती. घरीही कुणी हाक मारली की त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. शेजाऱ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं, काही काम असलं तर मला सांगा.

कारण विचारलं तर तो बोलायचा नाही. तिला एवढंच ठाऊक होतं, की मागच्या वर्षी मे महिन्यात सीमेवर तोफगोळे पडले, त्यात त्याच्या चौकीवरचा गोकुळ गेला. गोकुळ पाचोडचा. भरतीला दोघं एकाच दिवशी धावलेले, पुढं सतरा वर्षं एका ताटात जेवलेले. तरी फौजेतून आल्यावर धम्मपालनं पाचोडात पाऊल टाकलं नव्हतं.

शेवटी गोकुळची आईच आली. मनकर्णाबाई, एका रविवारी सकाळी, पिशवीत बाजरीचं पीठ घेऊन. विशाखानं चहा ठेवला. म्हातारीनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. पलटणीच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, की गोकुळ जागीच गेला, त्याला काही कळलंही नाही. पण पेटी उघडल्यावर तिनं लेकाचे हात बघितले होते. नखांत माती भरलेली होती.

"जागीच गेला आसंल तर माती कशानं खरवडली त्यानं?" ती म्हणाली. "तू व्हतास तिथं. खरं सांग."

 धम्मपालनं फरशीकडं बघत सांगितलं. गोळा पडला तेव्हा तो बंकरमध्ये होता आणि गोकुळ बाहेर, तीस पावलांवर. मारा थांबेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, असा हुकूम होता. चाळीस मिनिटं गोळे पडत होते आणि चाळीस मिनिटं गोकुळ ओरडत होता.

"हुकूम नसता तरी मी गेलो नसतो, मावशी. माझे पायच उठंनात."

"काय म्हणत व्हता?"

आईला हाक मारत होता, एवढं म्हटलं असतं तर म्हातारी रडून मोकळी झाली असती. विशाखा त्याच्याकडं तशीच बघत होती, तसं सांगून टाका म्हणून.

"माझं नाव घेत व्हता," धम्मपाल म्हणाला. "आवाज लई बारीक झाला, तरी माझंच."

मनकर्णाबाई उठली. चहा तसाच राहिला. विशाखा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली. वाटेत म्हातारी एवढंच बोलली, की लहानपणी साधा काटा रुतला तरी गोकुळ आईलाच हाक मारायचा.

त्यानंतर दोन दिवस धम्मपाल जेवला नाही. तिसऱ्या दिवशी विशाखानं त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. कंपनीनं त्याला परत घेतलं नाही. आता तो दर मंगळवारी दवाखान्यात जातो, आत काय बोलतो ते सांगत नाही आणि विशाखा बाहेर बाकावर बसून राहते.

तिनं एकदा पाचोडला फोन लावला होता. मनकर्णाबाईनं उचलला, आवाज ओळखला आणि ठेवून दिला.