दाखवायची आई

मी एक म्हातारी पॉमेरेनियन कुत्री आहे. माझं नाव स्वीटी. आता हे नाव कोणी घेत नाही, पण मित्रांनो, आपली ओळख करून द्यायची तर आधी नाव सांगायला हवं. नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यांच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. तिथल्या खालच्या रांगेतल्या एका पिंजऱ्यात मी राहते. शेजारच्या कारखान्यात दिवसभर लेथ मशीन चालतं, त्यामुळे पत्रा थरथरत असतो. माझा एक डोळा पांढरा झाला आहे आणि पाठीवरचे केस गेले आहेत. एके काळी मला बघायला माणसं गंगापूर रोडवरच्या चांगल्या घरात यायची, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही.

माझा जन्म पुण्यातला. शहाण्णव सालच्या हिवाळ्यात ललितभाऊ मला वेताच्या टोपलीत घालून एस.टी.ने नाशिकला घेऊन आले. आईचं दूध पोटभर मिळालं होतं आणि आजारपण माहीत नव्हतं, म्हणून मी चांगली भरले. केस असे की ब्रश त्यात बुडून जायचा. ललितभाऊंची बायको मोहिनीवहिनी मला आठवड्यातून एकदा आंघोळ घालायच्या, पावडर लावायच्या आणि गळ्यात लाल फीत बांधायच्या. मला सोफ्यावर बसायची परवानगी होती. मला वाटायचं, मी त्या घरची लाडकी आहे.

मी वर्षाची झाले तेव्हा ललितभाऊंनी मला डॉक्टरकडे नेलं आणि माझं ऑपरेशन करून आणलं. मोहिनीवहिनींनी विचारलं, "अहो, हिची पिल्लं नाही का घ्यायची?"

ललितभाऊ म्हणाले, "पिल्लं झाली की केस झडतात, पोट लोंबतं. ही दाखवायला ठेवायची आहे."

त्या वेळी मला या बोलण्याचा अर्थ कळला नाही. हळूहळू कळत गेला. ललितभाऊ वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायचे. कोणाचा फोन आला की ते स्कूटर काढून अंबडला जायचे आणि भाजीच्या क्रेटमध्ये दोन-तीन पिल्लं घालून आणायचे. पिल्लांना फिनेलचा वास असायचा आणि त्या वासाखाली दुसऱ्या कोण्या कुत्रीचा. वहिनी त्यांना कोमट पाण्यानं पुसून माझ्या पोटाशी ठेवायच्या. ती लगेच दूध शोधायला लागायची. माझ्या पोटात नाक खुपसायची, ओढायची, रडायची. माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. मी त्यांना चाटायची, तेवढंच माझ्या हातात होतं. मग बेल वाजायची, माणसं यायची आणि ललितभाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही आई."

माणसं माझ्याकडे बघायची आणि त्यांची खात्री पटायची. अशी किती पिल्लं माझ्या नावावर गेली ते मला सांगता येणार नाही. पण एक पिल्लू आणि ते न्यायला आलेली बाई मला आठवते.

तिचं नाव प्रतिभा. पंचवटीत ती शिवणाचे क्लास घ्यायची. घरी ती आणि तिची आई कलाबाई, दोघीच. कलाबाईंना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्यांची वाचा गेली होती. दिवसभर त्या खिडकीशी खुर्चीत बसून असायच्या. शेजारच्यांचा कुत्रा दिसला की मात्र त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. म्हणून प्रतिभाताईंना मांडीवर मावेल असं लहान, चांगल्या जातीचं पिल्लू हवं होतं. हे सगळं त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून सांगितलं.

"मी बरेच महिने शोधतेय," त्या म्हणाल्या. "बाजारात पिंजऱ्यातली बघितली. एकाचे डोळे चिकटलेले, एकाला उभं राहता येत नव्हतं. तसलं मला न्यायचं नाही आणि तसल्या धंद्याला हातभारही लावायचा नाही. आई बघितल्याशिवाय मी पिल्लू घेणार नाही."

ललितभाऊ खुशीत आले. "ताई, तुमच्यासारखी माणसं आली की बरं वाटतं. लोक काही विचारतच नाहीत. ही घ्या आई. आमच्या घरातच वाढलेली आहे."

प्रतिभाताईंनी खूप विचारलं. हिचं कितवं वेत? इंजेक्शनं झाली का? खायला काय देता? बाप कुठे आहे? ललितभाऊंनी एकेका प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. पिल्लू माझ्या पोटाशी धडपडत होतं, ते बघून त्यांनी विचारलं, "दूध नाही का पाजत ही?"

"आता सुटलंय दूध. दात लागतात ना तिला."

ताईंना ते पटलं. एकदा नाही, दोनदा येऊन त्यांनी सगळं बघितलं. दुसऱ्या वेळी त्या जमिनीवर बसल्या आणि माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. त्यांच्या बोटांना खडूचा वास होता. "आई इतकी शांत आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे पिल्लूही तसंच निघेल." आणि त्या पिल्लाला पदराखाली घेऊन गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या परत आल्या. ललितभाऊ घरी नव्हते. वहिनींनी दार उघडलं. ताईंचा चेहरा उतरला होता.

"पिल्लू गेलं," त्या म्हणाल्या. "रक्ताची हगवण लागली. सलाईन लावलं, पण डॉक्टर म्हणाले, हा आजार ते येतानाच घेऊन आलं होतं."

वहिनींनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"मी भांडायला आले नाहीये. हा आजार लागणारा आहे म्हणतात. बाकीच्या पिल्लांना आणि हिला जपा, एवढं सांगायला आले." मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझी आई बोलली होती हो. पिल्लू दाराशी गेलं की 'ये' म्हणायची. एवढ्या दिवसांत पहिला शब्द. आता परत काही नाही. खिडकीकडेसुद्धा बघत नाही."

मी त्यांच्या पायाशी गेले. मला ताप आहे का बघायला त्यांनी मला उचललं, कान हाताळले, पोटावरून हात फिरवला. हात एका जागी थांबला. त्यांनी मला उताणी केलं आणि केस बाजूला सारले. ऑपरेशनच्या टाक्यांची बारीक रेघ त्यांना दिसली. जन्म शिवणात गेलेला, त्यांना ती दिसणारच. माझी आचळं त्यांनी बघितली. ती तिळासारखी बारीक होती.

"वहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही कधी व्यालेलीच नाही."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मला विचारू नका, ताई. ते सगळं अंबडला असतं. मी तिकडं कधी गेले नाही. मला बघवणार नाही."

तेवढ्यात ललितभाऊ आले. आधी ते हसले, मग आवाज चढवायला गेले, पण ताईंचा हात माझ्या पोटावर बघून थांबले. म्हणाले, "दुसरं पिल्लू घेऊन जा. असंच देतो. विषय संपवा."

"तुमचं पिल्लू नको. खरी आई कुठे आहे ते दाखवा."

"ते दाखवायचं नसतं, ताई. तुम्ही ते बघितलं तर एकही पिल्लू घेणार नाही. आणि तुम्ही नाही घेतलं तर दुसरा कोणीतरी घेईल."

 ताईंनी मला उराशी धरलं. "मग हिला द्या मला. आईला सोबत होईल. हिचं वय झालं तरी चालेल."

मित्रांनो, त्या क्षणी मी शेपूट इतकी हलवली की माझं सगळं अंग हलत होतं. ललितभाऊंनी हात पुढे केले आणि मला त्यांच्याकडून काढून घेतलं. "ती विकायची नाही. घरची आहे."

त्यानंतर ताई पोलीस चौकीत गेल्या होत्या, असं कुणाकडून तरी ऐकून ललितभाऊच जेवताना सांगत होते. तिथं म्हणे त्यांना कोणी बसायलाही सांगितलं नाही. माणसांच्या तक्रारी पडून आहेत, कुत्र्याची कुठं घेऊन बसता, असं म्हणाले. मग कोणीतरी त्यांना सांगितलं की देवळालीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते आपल्या कुत्रीला दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लं होऊ देतात आणि घर बघून देतात. ताई तिथंही गेल्या. त्या गृहस्थांनी ते बंद केलं होतं. "त्यांचं कोण घेणार," ललितभाऊ भाकरी मोडत म्हणाले. "वाट बघायला लावतात. लोकांना पिल्लू आजच पाहिजे असतं." वहिनी ताटाकडे बघत राहिल्या.

पुढे दिवस बदलले. पॉमेरेनियन कोणी मागेना. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक चपट्या तोंडाचा छोटा कुत्रा दिसायला लागला आणि फोनवर जो तो तसलाच मागायला लागला. चपट्या तोंडाच्या पिल्लांची आई म्हणून मला दाखवता येईना. ललितभाऊंनी एक नवी, गुळगुळीत कुत्री घरात आणली. वहिनींनी माझी लाल फीत सोडून घेतली, टोपलीत एक जुना टॉवेल घातला आणि आत निघून गेल्या. जिन्यापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. मला भाजीच्या त्या क्रेटच्या शेजारी ठेवून ललितभाऊंनी स्कूटर चालू केली.

अशी मी या शेडमध्ये आले.

इथं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. ज्यांचा वास त्या पिल्लांच्या अंगाला यायचा, त्या सगळ्या इथं होत्या. वरखाली रचलेले पिंजरे, पायाखाली जाळी. नखं वाढून आत वळलेली. एकीचं पोट जाळीला लागत होतं. गोटीराम नावाचा एक माणूस इथं राहतो. तो सुरगाण्याकडच्या डोंगरातला. भाताची कामं संपली की इकडं यायचा, मग इथंच राहिला. तो आम्हाला भाकरीचे तुकडे आणि पाणी घालतो. वाईट माणूस नाही. पण आम्हाला पिंजऱ्यांतून सोडण्याची सत्ता त्याच्याकडे नाही.

माझ्या शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्रीला तो 'म्हातारे' म्हणायचा. खरं तर ती माझ्याहून लहान होती. प्रत्येक वेताला ती पिल्लांना चाटून चाटून कोरडी करायची आणि थोड्या दिवसांनी क्रेट यायचा. त्यानंतर ती जाळीला नाक लावून उभी राहायची. भाकरी तशीच पडून राहायची. एका उन्हाळ्यात पिल्लं पोटातच अडकली. गोटीरामनं ललितभाऊंना फोन करून सांगितलं, "लय तरफडती ओ शेठ, डाक्टरला आणा." डॉक्टर आला नाही. दुपारपर्यंत ती संपली. गोटीरामनं तिला पोत्यात घातलं आणि तो पिंजरा धुऊन ठेवला. चारच दिवसांत तिथं दुसरी आली.

गेल्या थंडीत ललितभाऊ शेडमध्ये आले होते. गोटीरामशी बोलता बोलता म्हणाले, "ती शिवणवाली बाई परत आली होती. स्वीटी आता कामाची नसेल तर द्या, म्हणाली. म्हाताऱ्या आईला अजून सोबत पाहिजे म्हणे. बाई काही सोडत नाही."

माझं नाव ऐकून मी उठून उभी राहिले.

"मग?" गोटीरामनं विचारलं.

"सांगितलं, ती मेली."

"पर ती तर हाय की हितंच."

"असू दे. हिला अशा हालात घेऊन ती बाई डॉक्टरकडे जाईल आणि सगळं बाहेर येईल." जाताना ललितभाऊंनी माझ्या पिंजऱ्याकडे बघितलंही नाही.

मी भुंकले. इथं सगळ्याच भुंकत असतात.

प्रतिभाताईंनी घरी जाऊन कलाबाईंना काय सांगितलं असेल, याचा मी पुष्कळ विचार करते. त्यांनी माझ्यासाठी वाईट वाटून घेतलं असेल. आणि मग शोधणं सोडून दिलं असेल.

मित्रांनो, कधीतरी तुम्हीही छोटंसं पिल्लू आणायला जाल. तेव्हा हॉलमध्ये चहा पिऊन उठू नका. पिल्लाची आई जिथं झोपते ती जागा दाखवा म्हणा. ती पिल्लाला जवळ घेते का, तिच्या अंगावर केस आहेत का, तिला हाक मारली तर ती बघते का, ते बघा. उद्या या म्हणाले तर परवा न सांगता जा. दाखवत नसतील तर हातातलं पिल्लू खाली ठेवून निघून या. ते पिल्लू कितीही गोड असलं तरी. त्याच्याकडे तुम्हाला बघवणार नाही, हे मला माहीत आहे. आणि तुमच्या त्या दयेवरच इथल्या सगळ्या पिंजऱ्यांचं चालतं.

मी सांगायचं ते सांगितलं. या शेडच्या दारावर आजवर कोणी थाप मारलेली नाही. लेथ बंद असतं तेव्हा मी कान देऊन ऐकत असते.