टेबलावरचा सेट

दातवाल्यांना सगळी गल्ली दातवाले म्हणायची, पण ते काही दातांचे डॉक्टर नव्हते. दवाखान्यातून डॉक्टरबाई जबड्यांची मापं पाठवायच्या आणि त्यांवरून घराच्या मागच्या खोलीत बसून दातवाले कवळ्या घडवायचे. तेवीस वर्षांत कवळीला त्यांनी कधी कवळी म्हटलं नव्हतं. ते म्हणायचे सेट. वरचा-खालचा मिळून फुल सेट, एकच असेल तर हाफ सेट. पुढच्या खोलीत बायकोचं पार्लर होतं. तिथे बायकांचे केस सेट व्हायचे आणि गप्पांमध्ये कुणाकुणाची लग्नंही सेट व्हायची. घरात दिवसाकाठी हा शब्द पन्नासदा निघत असेल, पण त्यावरून गोंधळ असा कधी झाला नव्हता. तो त्या शनिवारी झाला.

शनिवारी चार वाजता वाचनालयात सरांचं भाषण होतं. सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. तोंडाचं बोळकं झाल्यापासून दोन वर्षं ते चारचौघांत बोलले नव्हते. आता बोलणार होते, आणि तेही इंग्रजीतल्या एकाच इवल्याशा शब्दावर. शब्द होता सेट. त्याचे अर्थ त्यांनी वहीत टिपून ठेवले होते, एकशे चौतीस. दातांची मेणातली ट्रायल मागेच झाली होती. डॉक्टरबाई बाहेरगावी गेल्या होत्या. जाताना त्यांनी दातवाल्यांना बजावलं होतं, "भाषणाआधी तुम्हीच नेऊन बसवा. सरांनी माझं डोकं खाल्लंय."

सकाळी सेट डब्यात घालून, खाकी कागदात गुंडाळून दातवाल्यांनी टेबलावर ठेवला आणि ते दुसऱ्या दवाखान्यात कामाला गेले. तिथे काम लांबलं. मग त्यांनी फोनवरून एक पार्सलवाला ठरवला. घरून सेट उचलायचा, वाचनालयात सरांच्या हातात द्यायचा. आपण साडेतीनला परस्पर तिकडे पोचू, असा त्यांचा हिशेब.

इकडे बायकोनेही एक पार्सलवाला ठरवला होता. तिच्या भाचीने नवं घर घेतलं होतं. तिच्यासाठी कपबशांचा सेट आणून, तसल्याच खाकी कागदात बांधून तिने त्याच टेबलावर ठेवला होता.

पहिला पार्सलवाला आला तेव्हा तिचे दोन्ही हात एका बाईच्या केसांत होते.

"सेट न्यायला आलोय," तो दारातून म्हणाला.

"तो काय टेबलावर!" ती मान न वळवता म्हणाली.

टेबलावर दोन खोकी होती. माणूस भला होता, त्याने मोठं उचललं. दहा मिनिटांनी दुसरा आला. तोही म्हणाला, "सेट." तीही पुन्हा म्हणाली, "टेबलावर." त्याने उरलेलं उचललं. दोघांनी सह्या घेतल्या आणि दोघेही गेले.

साडेतीनला दातवाले वाचनालयात पोचले. सर खुर्चीत ताठ बसले होते आणि मांडीवर सहा कप नि सहा बश्या होत्या. निळी फुलं असलेल्या.

"हे बथणार कुठे?" सरांनी विचारलं.

दातवाल्यांची दातखीळ बसली. कशीबशी सोडवून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तू सरांना कप पाठवलेस!"

"मी कशाला पाठवू? कप भाचीकडे गेले."

"कप माझ्यासमोर आहेत!"

मग बायको म्हणाली, "अहो, मग भाचीला काय गेलं?"

दातवाल्यांनी स्कूटर अशी पळवली की बास. भाची ऑफिसला गेलेली. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. या बाई अगदी मितभाषी, कधी भेटल्या तरी तोंडाला पदर लावून मान हलवायच्या. आज त्यांनी पदर लावला नव्हता. त्या हसत होत्या आणि त्या हसण्यात सरांचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात दिसत होते.

"या, या," त्या म्हणाल्या. वरचा जबडा सुटून खाली आला, तो त्यांनी अंगठ्याने परत बसवला. "थोडा ढिला आहे. पण सुनेच्या मावशीला माझी आठवण झाली हो! घरात कुणाच्या मनात आलं नाही. मीही कधी बोलले नाही. म्हातारपणी कशाला खर्चात पाडायचं?"

वाटेत दातवाल्यांनी चांगलं दीड पानी वाक्य जुळवलं होतं. त्यातला एक शब्दही आता कामाचा नव्हता. घड्याळात चारला दहा कमी होते.

"काकू," ते म्हणाले, "हा... हा नमुना आहे. माप तुमचं घ्यायचंय. सोमवारी स्वतः येऊन दवाखान्यात नेतो. आत्ता मात्र हा मला परत लागेल."

बाईंनी दात काढून दिले, पण हात जरा वेळ तसाच पुढे राहिला. दातवाल्यांनी मोरीत उभं राहून ब्रशने, साबणाने आणि खिशातल्या औषधाने सेट तीनदा घासला. तरी बाईंच्या तोंडातल्या लवंगेचा वास काही जाईना.

वाचनालयात पोचले तेव्हा सर तसेच बोलायला उभे राहिले होते. वेळ चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"थेट!" सर म्हणत होते. "थाधा थब्द. पण अर्थ पाहा!"

पुढच्या रांगेतली माणसं निमूटपणे 'थेट' असं लिहून घेत होती. एक गृहस्थ उठले. "सर, थेट आपल्याकडून इंग्रजीत गेला की तिकडून इकडे आला?"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात दातवाले व्यासपीठावर चढले. सरांनी पाठ फिरवली, दात बसवले, हुंगल्यासारखं केलं आणि पुटपुटले, "लवंग?"

"नवीन पद्धत आहे," दातवाले म्हणाले.

सर लोकांकडे वळले. नव्या दातांना जीभ अजून सरावली नव्हती. छाती भरून ते गरजले, "शेट!"

दुसऱ्या रांगेत फर्निचरवाले बसले होते. वाचनालयाच्या खुर्च्या त्यांनी दिल्या होत्या आणि त्यांना सगळे शेटच म्हणायचे. ते लगबगीने उठले, हात जोडत वर आले आणि सत्काराची वाट बघत उभे राहिले. शेवटी कार्यवाहांनी समोरच्या टेबलावरची निळ्या फुलांची कपबशी उचलून त्यांच्या हातात दिली आणि टाळ्या झाल्या. मग मात्र सरांनाच हसू फुटलं. हसता हसता वरचे दात निसटले, ते त्यांनी हाताने झेलले, आणि सगळं सभागृह खिदळायला लागलं. त्यानंतर सर तासभर बोलले. थेट, शेट, सेट, जे तोंडातून येईल ते. लोक हलले नाहीत. प्लास्टर घट्ट होतं त्यालाही सेट म्हणतात, हे शेवटी दातवाल्यांनी भीतभीत सांगितलं, तेव्हा सरांनी वही काढून ते तिथल्या तिथे लिहून घेतलं.

भाचीला कप मिळाले ते पाच.

सोमवारी दातवाले सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. गावाहून परतलेल्या डॉक्टरबाईंनी माप घेतलं, दातांचा रंग विचारला. बाईंनी पुढच्या हिरडीवर बोट ठेवलं.

"रंग कुठलाही द्या," त्या म्हणाल्या. "पण पुढचा हा एक जरा तिरका बसवाल का? माझा तसा होता. हे त्यावरून फार चिडवायचे मला."

दातवाल्यांनी आजवर शेकडो सेट सरळ रेषेत बसवले होते. हा एक दात तिरका करायला त्यांना दोन दिवस लागले.