नसलेल्या बेकरीवरून डावीकडे

“मिस, तुमच्या ॲपला अबू झुहैरची बेकरी सापडेल का?”

मैत्रिणीने, जुमानाने, पैज लावली होती, म्हणून सिरीनने शाळेच्या भर सभागृहात उभं राहून विचारलं. मागे खसखस पिकली. घरपोच सामान पोचवणारी नवी कंपनी काढलेली रुबा मंचावर होती. तिने मोबाईलवर नाव टाकून पाहिलं.

“अशी बेकरी अम्मानमध्ये नाहीच.”

“नाहीच ना! माझ्या जन्माआधीच बंद पडली. आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे. पण आमच्या टेकडीवर पत्ता सांगायचा तर तिथूनच. रस्त्याचं नाव विचारलंत, तर पाटीखाली राहणारासुद्धा डोकं खाजवेल.”

सगळे हसले. रुबा नाही हसली. “तरीच आमची माणसं तुमच्याकडे येऊन हरवतात! मग तूच शिकव की आमच्या ॲपला. जमलं तर उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला ये.”

“उन्हाळ्यात?” जुमाना कुजबुजली. “तुझ्या बाबांनी डॉक्टरकीच्या शिकवणीत नाव घातलंय. मेलीस तू!”

मेली कसली! सिरीनने टेकडीच्या सगळ्या पायऱ्या पालथ्या घातल्या. बंद दुकानं, तोडलेली झाडं, पाडलेल्या भिंती, लोकांच्या तोंडी जे जे होतं ते नकाशावर चढवलं. रुबाच्या माणसांनी ते ॲपमध्ये घातलं. आता पत्ता लिहायचा नाही, नुसता बोलायचा.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर बाबांनी मोबाईल मागितला. “आण, बघू तुझी करामत.” आईला डोळा मारून ते मिठाई मागवायला त्यात बोलले, “एक किलो कुनाफा. अबू झुहैरच्या बेकरीवरून डावीकडे, तुतीच्या झाडापाशी पायऱ्या चढायच्या, निळं दार.”

“अहो, ती तुती तुम्ही शाळेत असताना तोडली!” आई म्हणाली.

“म्हणून तर सांगितली. बघच, पाच वेळा फोन करेल तो.” बाबा मोबाईल हातात धरून बसले.

फोन आलाच नाही. दारावरची घंटा वाजली.

दारात मिशीवाला माणूस, हातात गरम कुनाफ्याचा डबा. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. “कुणाला विचारलंस रे वाटेत?”

“कुणाला कशाला, काका? तुतीपाशी वळलो.”

आईला हसू आवरेना. बाबांनी डबा घेतला, उघडला आणि पहिला तुकडा सिरीनपुढे धरला. सिरीनने तो तोंडात टाकला, बोटांवरचा पाक चाटला आणि ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. मी शिकवणीला जाणार नाही. उन्हाळ्यात रुबामिसकडे काम करणार आणि पुढे कॉम्प्युटरच शिकणार. विचारत नाहीये, सांगतेय.”