एल्म रस्त्यावरची पाचवी फेरी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी ती मोटार नव्हे. माझा गडद निळा रंग आणि उघडे छप्पर पाहिले की लोकांचा आवाज आपोआप खाली येतो आणि कुणीतरी हळूच विचारते, "हीच का ती?" नाही. ती वेगळी होती, सरकारी होती. मी त्याच सालची, मिशिगनच्या एका कारखान्यातून चारचौघींसारखी बाहेर पडलेली एक मोटार आहे.

माझा मूळचा रंग सायीसारखा होता. टेक्सासातल्या फोर्ट वर्थ गावच्या एका फर्निचरवाल्याने मला हौसेने घेतले. शाळेच्या फुटबॉल सामन्याआधी मिरवणूक निघायची, तेव्हा मुकुट घातलेल्या मुली माझ्या मागच्या सीटच्या पाठीवर चढून बसायच्या आणि दोन्ही बाजूंना हात हलवायच्या. चर्चमधून निघालेल्या नवऱ्यामुलींनी माझ्यावर तांदूळ सांडले. मला त्याचा अभिमान वाटायचा. लोकांनी पाहावे आणि लोकांना दिसावे म्हणूनच माझा जन्म आहे, असे मला वाटत होते.

मग १९६३ सालचा तो नोव्हेंबर आला. शेजारच्या डॅलस शहरात, भर दुपारी, माझ्यासारख्याच उघड्या मोटारीतून चाललेल्या राष्ट्राध्यक्षांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे नाव मी घेत नाही. आमच्याकडे ते घ्यावे लागत नाही. बातमी आली तेव्हा फर्निचरवाला दुकानाबाहेर आला, त्याने माझे छप्पर ओढून वर घेतले, खटके लावले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. त्यानंतर त्याने माझे छप्पर उघडले नाही. नवऱ्यामुली म्हणू लागल्या, "तसली नको बाई, दुसरी बघा." माझा काही दोष नव्हता, पण मला पाहिले की लोकांना जे आठवायला नको तेच आठवायचे.

पुढची अनेक वर्षे मी वॅक्साहाची गावाजवळच्या एका शेडमध्ये पडून होते. टायर बसले, पत्रा गंजला, कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. तिथे मला हॉलिस टार्व्हर भेटला. साठीचा, काटकुळा, एका कानाने कमी ऐकणारा मेकॅनिक. दार उघडून तो म्हणाला, "अगं, काय दशा केली गं तुझी लोकांनी!" दोन हिवाळे त्याने माझ्यावर काम केले. मी पुन्हा चालू लागले.

त्या दुपारला वीस वर्षे होत आली, तेव्हा टेलिव्हिजनवाले आले. त्यांना त्या दिवसावर चित्रपट करायचा होता. कार्ल केटरिंग नावाचा दिग्दर्शक माझ्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "हीच हवी." हॉलिस म्हणाला, "गाडी मी चालवणार. दुसरं कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

त्यांनी मला मधोमध कापले, लांब केले, जास्तीची सीट घातली, निळा रंग दिला. माझे वजन वाढले. ब्रेक मात्र जुनेच राहिले.

"पोट वाढवलंत, पाय तेवढेच ठेवलेत," हॉलिस म्हणाला.

"अहो आजोबा, ताशी दहा मैलांनी तर जायचंय," केटरिंग हसला. "शर्यत थोडीच आहे!"

मित्रांनो, तेव्हापासून मला धाकधूक लागली. माझ्या मागच्या सीटवर एक माणूस पुन्हा पुन्हा मरणार होता. ते नाटक आहे, हे मला कळत होते. तरी माझ्या पत्र्यात भीती शिरली ती शिरलीच.

चित्रीकरण खऱ्या जागीच होते. रविवारची सकाळ होती. एल्म रस्ता वळणानंतर रेल्वेच्या पुलाकडे उतरत जातो. तो रस्ता आम्हाला एक वाजेपर्यंतच मिळाला होता. दोन्ही कडांना जुन्या काळचे कपडे घातलेली दोनशे माणसे उभी केली होती. राष्ट्राध्यक्षांचे काम रॉस एकल्स नावाचा नट करत होता. तो शेजारच्या गुलाबी पोशाखातल्या, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे काम करणाऱ्या नटीला हळूच म्हणाला, "काल रात्रभर डोळा लागला नाही. या वळणावर आलं की मानेवर काटा येतो."

"हसत राहा," ती ओठ न हलवता म्हणाली. "मलाही येतो."

पहिल्या तीन फेऱ्या नुसत्या मिरवणुकीच्या होत्या. गोळ्यांचे आवाज चौथ्या फेरीत व्हायचे होते. कडेला अगदी पुढे पिवळ्या कोटातली एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली. बाकी सगळे जोरजोरात हात हलवत होते, हिचा हात मात्र खांद्याच्या वर जात नव्हता.

"पिवळा कोट!" केटरिंग कर्ण्यातून ओरडला. "अहो बाई, हसा की जरा! राष्ट्राध्यक्ष येताहेत, करवसुलीवाला नाही!"

लोक हसले. बाई हसली नाही.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी, पुलाच्या अलीकडे, हॉलिसने ब्रेक दाबला आणि मला माझ्याच पोटात काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले. पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी फुगून चिरली होती आणि ब्रेकचे तेल थेंबथेंब गळत होते. मी थांबले, पण हवे होते त्याहून चार हात पुढे. मला ओरडून सांगायचे होते. पण मोटारीला तोंड कुठले! मी फक्त एवढेच करू शकत होते की त्याच्या पायाखाली पेडल मऊ लागू द्यावे. त्याला कळेल का? सहा माणसे आत, दोनशे माणसे कडेला, आणि पुढे उतार.

हॉलिसने पेडल पुन्हा दाबले. मग इंजिन बंद केले, चावी खिशात टाकली आणि खाली उतरला.

"काय झालं आता?" केटरिंग धावत आला.

"ब्रेक गेला. बघावं लागेल."

"थांबली की आत्ता!"

"या वेळी थांबली."

"अहो, साडेअकरा वाजलेत. ऊन असं आता थोडाच वेळ मिळणार आहे. एक फेरी द्या, मग तुमचं काय ते बघा."

हॉलिस आपला चांगला कान त्याच्याकडे करून म्हणाला, "साहेब, चावी माझ्या खिशात आहे. ती काढून घ्यायची असेल तर या."

केटरिंगने टोपी जमिनीवर आपटली. "म्हातारा दिवस बुडवणार माझा!" पण तो पुढे आला नाही.

हॉलिस पाठीवर झोपून माझ्या खाली सरकला. त्याच्या पेटीत दुसरी नळी होती. ती बसवल्यावर आतली हवा काढायला कुणीतरी पेडल दाबायला हवे होते. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. तेव्हा रॉस एकल्स खाली उतरून हॉलिसच्या जागी येऊन बसला.

"सांगा, काय करू?"

"मी दाबा म्हटलं की दाबा, सोडा म्हटलं की सोडा. मध्ये पाय काढायचा नाही, राष्ट्राध्यक्षसाहेब. काढलात तर पुन्हा पहिल्यापासून."

"जशी आज्ञा."

"दाबा... धरा... सोडा. दाबा..."

पंधरा मिनिटे असे चालले. केटरिंग घड्याळाकडे बघत येरझारा घालत होता. हळूहळू माझ्या नसांमध्ये पुन्हा जोर आला. हॉलिस घामेजून बाहेर आला, त्याने मला उतारावर एकट्याने तीनदा चालवले, तीनदा थांबवले आणि मगच मान हलवली.

चौथी फेरी सुरू झाली. वळण घेतले. टाळ्या, शिट्ट्या, हात. रॉस हसत होता. मग उजवीकडून पहिला खोटा बार उडाला.

तो आवाज झाला आणि पिवळ्या कोटातली बाई रस्त्यावर उतरली. कुणी तिला उतर म्हटले नव्हते. दोन्ही हात पसरून ती थेट माझ्यासमोर आली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "खाली वाका! अहो, खाली वाका!"

हॉलिसचा पाय पेडलवर बसला. माझी चाके किंचाळली, मागची माणसे पुढच्यांच्या अंगावर आदळली, माझ्यावर बसवलेला कॅमेरा तिरका झाला. मी सगळे वजन ओढून धरले. थांबले तेव्हा तिच्यात आणि माझ्यात वीतभर अंतर होते. तिने दोन्ही तळवे माझ्या बॉनेटवर टेकले.

रॉस दार उघडून उतरला, त्याने तिला धरले आणि कडेच्या दगडावर बसवले.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुमचं सगळं बिघडवलं मी. माझं नाव व्हर्ना ड्युबेरी. मी त्या दिवशी इथंच होते. हाच कोट होता अंगावर."

"इथं? या जागी?"

"चार पावलं अलीकडे. पहिला आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी फटाका उडवला. मी हसत होते. हात हलवत होते." ती आपल्या हाताकडे बघू लागली. "त्यांना लागलं होतं हो, आणि मी हात हलवतच होते. वीस वर्षं झाली. नवऱ्यालासुद्धा हे सांगितलं नाही."

"मग आज कशाला आलात, बाई?" हॉलिसने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मला वाटलं, पुन्हा एकदा उभं राहिलं की सुटेन त्यातून."

केटरिंग मागे येऊन उभा होता. आता हा ओरडणार, अशी मला भीती वाटली. एक वाजायला वीस मिनिटे उरली होती. पण त्याने कर्णा खाली ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुम्हाला घरी पोचवायला सांगू?"

ती म्हणाली, "एक विचारू? पुन्हा घ्याल तेव्हा मला ठेवाल का? रस्त्यावर येणार नाही, शपथ. फक्त... आवाज झाला की मला हात खाली घेऊ द्या."

"बाकीचे हलवत राहणार, हं."

"हलवू देत. त्यांना कुठं माहीत आहे!"

केटरिंगने हॉलिसकडे पाहिले. "गाडी तयार आहे?"

"आता विचारलंत, बरं वाटलं," हॉलिस म्हणाला, आणि विचारले असूनही तो पुन्हा एकदा माझ्या खाली वाकून नळी पाहून आला.

पाचव्या फेरीत मी पहिल्यापेक्षा हळू वळले. व्हर्ना कडेला उभी होती. तिने हात उंच केला, अगदी डोक्याच्या वर, आणि ती चक्क हसली. बार उडाला. शंभर हात हलत राहिले. पिवळ्या बाहीतला एकच हात सावकाश खाली आला आणि तिच्या छातीशी थांबला. ती माझ्या मागच्या सीटकडे बघत होती, आणि मी तिच्यासमोरून पुलाच्या सावलीत गेले.

चित्रपट दाखवला गेला त्या संध्याकाळी हॉलिसने टीव्ही उचलून गॅरेजमध्ये आणला. व्हर्ना नवऱ्याला घेऊन आली होती. तो क्षण दोन सेकंदांचा आहे, पटकन निघून जातो. नवऱ्याने विचारले, "तू हात का खाली घेतलास?" तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि ती त्याला सांगू लागली.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे आणि माझे एकच मागणे आहे. कामाच्या घाईत कुणीतरी एक माणूस "थांबा, मला आधी बघू द्या" म्हणतो. तो सगळ्यांना नकोसा होतो. त्याच्यावर चिडू नका. त्याला वेळ द्या आणि जमले तर खाली वाकून त्याला मदत करा. आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आणि बोलता येणारी कितीतरी माणसे बोलत नाहीत, म्हणून गर्दीत एखाद्याचा हात वर जात नसेल, तर त्याला "हसा" म्हणण्याआधी जवळ जाऊन विचारा, काय झाले आहे ते.