मयताचं कुंपण

शनिवारी सकाळी सोलवाय सायकल हाणत छोट्या-छोट्या बागांच्या वसाहतीच्या फाटकाशी आली, तर बागवाल्यांच्या संघाचा झेंडा खांबाच्या मध्यावर लोंबत होता. तिने सायकलवरून उतरून टोपी काढली. बावीस नंबरच्या बागेतला म्हातारा गेला असावा, असं तिला वाटलं. तो गेली पंधरा वर्षं 'हे माझे शेवटचे मुळे' असं सांगत दर वर्षी मुळे लावत होता. एकदा तरी त्याचा शब्द खरा व्हायलाच हवा होता.

खांबाखाली अध्यक्ष आक्सेल बुंडगोर्ड ताठ उभा होता. चाळीस वर्षं जकातीत काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी त्याच्या हातातली मोजपट्टी काही निवृत्त झाली नव्हती.

"कोण गेलं रे?" सोलवायने हळूच विचारलं.

"तू," आक्सेल म्हणाला. मग तिचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तुझ्या दुःखात मी सहभागी आहे."

सोलवायने मागे वळून पाहिलं. मागे सायकल होती आणि सायकलच्या टोपलीत लीकच्या भाजीची चोवीस रोपं. आणखी कुणी नव्हतं.

"मी?"

"म्हणजे आधीची तू. चौदा नंबरचा सदस्य. मंगळवारी त्याच्या व्यक्तिक्रमांकावर एक पत्र पाठवलं, कम्प्युटरवरच्या सरकारी टपालपेटीत. ते परत आलं. 'हा व्यक्तिक्रमांक अस्तित्वात नाही.' आता अस्तित्वात नाही म्हटल्यावर मी काय समजायचं?"

सोलवायच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो काही सुखाचा नव्हता.

डेन्मार्कातल्या एस्बियर्गच्या बंदरात क्रेन दुरुस्त करणारी ही अठ्ठावन्न वर्षांची बाई गेल्या आठवड्यापर्यंत सरकारदरबारी पुरुष होती. इथे प्रत्येकाच्या व्यक्तिक्रमांकाचा शेवटचा आकडा पुरुषाचा विषम आणि बाईचा सम. कुणाला आपली नोंद बदलून घ्यायची असेल तर डॉक्टर नको, कोर्ट नको, साक्षीदार नकोत. अर्ज करायचा, सहा महिने विचार करायचा आणि मग 'होय, विचार केला' असं कळवायचं. सोलवायचा विचार पन्नास वर्षं करून झाला होता. सरकारने आणखी सहा महिने दिले, त्यात तिने बागेतल्या लाकडी घराला पिवळा रंग देऊन घेतला. गेल्या आठवड्यात बुधवारी सरकारचं पत्र आलं, आणि तिच्या नशिबी सम आकडा आला. जुनं नाव तर तिने दोन वर्षांपूर्वीच टाकलं होतं. ते आपणही इथे उचलून आणायला नको. बागेतल्या सगळ्यांनी तेव्हा तिच्या नावाचा केक खाल्ला होता. आक्सेलने तर तीन तुकडे खाल्ले होते.

"अरे बाबा, माझा नंबर बदलला. मी नाही बदलले."

"ते मला दिसतंय गं. मी काय आंधळा आहे?" आक्सेल दुखावल्यासारखा म्हणाला. "पण संघाच्या नियमांत बाग एका हातातून दुसऱ्या हातात जायच्या तीनच वाटा आहेत. विक्री, लग्न आणि मरण. तू विकली नाहीस. लग्न केलं नाहीस. राहिलं काय?"

"मी जिवंत राहिले, ते राहिलं!"

"जिवंत राहण्याबद्दल नियमांत काही नाही," आक्सेल खेदाने म्हणाला. "आणि वारस नसलेल्या मयताची बाग प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाते. त्याला मी कालच कळवलं. दहाला येतोय."

ही बाग मिळवायला सोलवायने तेरा वर्षं वाट पाहिली होती. तेरा वर्षं दर जानेवारीत यादीत आपला क्रमांक किती वर सरकला ते पाहायचं, आणि वर कुणी मेलं की आनंद होऊ नये म्हणून स्वतःला चिमटा काढायचा. मग चार वर्षांपूर्वी चौदा नंबर मिळाला. चारशे चौरस मीटर, गूजबेरीची सहा झुडपं, पलंगाएवढं घर. त्या घरात पहिल्यांदा तिने फुलांचा झगा घालून कॉफी प्यायली होती. शेजारच्या टोवेने कुंपणावरून डोकावून फक्त एवढंच म्हटलं होतं, "हिरवा जास्त शोभेल तुला. साखर आहे का?"

ही टोवे आता आपल्या घरातून थर्मास घेऊन आली. वय एकोणऐंशी, संघाची उपाध्यक्ष, कारण दुसऱ्या कुणी हात वर केला नव्हता.

"काय गं, मेलीस म्हणे?" तिने विचारलं. "मला कळवायचं तरी. मी हेरिंग मासे मुरत घातलेत, सगळे तुझ्या तेराव्याला संपवू."

या देशात राजघराणं सोडलं तर सगळ्यांशी एकेरीतच बोलतात. त्यामुळे टोवे जकात अधिकाऱ्याशीही भांडखोर धाकट्या भावाशी बोलावं तशी बोलायची.

"आक्सेल, तू डोक्यावर पडलायस का? कायदा आहे. समान वागणुकीचं मंडळ आहे. हिने तक्रार केली तर तुझ्या मिशा उपटून हातात देतील."

"मी भेदभाव करतच नाही!" आक्सेल ओरडला. "मी सगळ्यांशी सारखाच वाईट वागतो. विचार कुणालाही!"

हे खरं होतं. संघात याबद्दल दुमत नव्हतं.

"मग एक कर," टोवे कॉफी ओतत म्हणाली. "नियम सातमध्ये आहे ना, मयताबरोबर दोन वर्षं एका पत्त्यावर राहिलेल्या माणसाला बाग मिळते? ही त्याच्याबरोबर अठ्ठावन्न वर्षं राहिली. एकाच पत्त्यावर. एकाच पायजम्यात."

आक्सेलचा चेहरा उजळला. त्याने खिशातून नियमांची पुस्तिका काढली, बोट फिरवलं, मान डोलावली. "बसतं! तू वारस म्हणून अर्ज कर, सोलवाय. 'मयताची सहनिवासी' असं लिही. दहा मिनिटांचं काम."

बाग वाचत होती. एक सही, आणि गूजबेरी पुन्हा तिच्या. सोलवायने पेन हातात घेतलं. मग तिची नजर वर गेली. झेंडा आपला मध्यावर लोंबत होता, आणि फाटकाबाहेरून जाणारी एक बाई टोपी काढत होती.

तिने पेन परत दिलं.

"नाही," ती म्हणाली. "अख्खं आयुष्य मी त्याची सहनिवासी होऊन काढलं. आता नाही. मी कुणाची विधवा नाही, कुणाची वारस नाही. तेरा वर्षं रांगेत मी उभी होते. बाग माझीच आहे, ती मला माझ्याकडूनच वारशात घ्यायची नाही."

"अगं, पण कागद..."

"कागद बदल."

"कागद बदलायचे तर संघाच्या कार्यकारी मंडळाची सभा हवी!"

"तीन जणांचं मंडळ," टोवे म्हणाली. "तिसरा सुट्टीवर, मायोर्काच्या वाळूत पाय भाजून घेतोय. दोघांत गणपूर्ती होते. सभा सुरू झाली. कॉफी घे."

एवढ्यात फाटकातून एक उंच, सौम्य माणूस आत आला. एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात मोजायची टेप. हा दंतवैद्य लाऊरिस क्विस्ट, प्रतीक्षायादीत पहिला, चौदा वर्षं वाट पाहिलेला.

"माफ करा, मी लवकर आलो का?" तो कुजबुजला. "अंत्यविधी व्हायचाय का अजून? मयत जवळचा होता का तुमच्या?"

"बराच," सोलवाय म्हणाली.

"बिचारा. दात कसे होते?"

"माझ्यासारखेच."

दंतवैद्याने आदबीने मान खाली घातली आणि बाकाच्या टोकाला बसला. टोवेने त्याचा केक कापायला घेतला. डेन्मार्कात सभा कशाचीही असो, केक कापल्याशिवाय ती कायदेशीर होत नाही.

आक्सेलने इतिवृत्ताची वही उघडली. "विषय एक. चौदा नंबरचा सदस्य मयत आहे की नाही."

"नाही," टोवे म्हणाली.

"माझं मत, कागदोपत्री आहे. एकास एक. बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत निर्णायक."

दंतवैद्य हळूच टेप उघडून गूजबेरींकडे पाहू लागला. चोवीस रोपं टोपलीत माना टाकत होती. आणि एकाएकी सोलवायला ते परत आलेलं पत्र आठवलं.

"आक्सेल, मंगळवारी पत्र कशाबद्दल होतं रे?"

"कशाबद्दल म्हणजे? तुझ्या झुडपी कुंपणाच्या उंचीबद्दल." आक्सेलच्या आवाजात जुनी धार आली. "नियम एकशे ऐंशी सेंटिमीटर. तुझं एकशे चौऱ्याऐंशी. उत्तर कोपऱ्यात पंच्याऐंशी. तिसरी ताकीद! सांक्ट हान्सच्या सणाची शेकोटी पेटायच्या आत छाटलं नाही, तर बाग जप्त."

"आणि पहिल्या दोन ताकिदी?"

"आहेत की! तारखेसह, फोटोसह, पानाच्या नमुन्यासह." त्याने पिशवीतून फाइल काढली. जाडजूड, कडेला निळी पट्टी. चार वर्षांची मेहनत होती ती. बायको नातवंडांचे फोटो चिकटवायची, तेव्हा आक्सेल शेजारी बसून चौदा नंबरची पानं चिकटवायचा.

"बरं," सोलवाय शांतपणे म्हणाली. "मग लिही मयत. माझी हरकत नाही."

"सोलवाय!" टोवे किंचाळली.

"लिही की. फक्त एवढं सांग, माणूस मेला की त्याच्या ताकिदी कुणाला लागू होतात?"

आक्सेलचं पेन हवेत थांबलं.

"म्हणजे?" दंतवैद्य मधेच म्हणाला. "मला दोन ताकिदी वारशात मिळणार का? मी अजून कुंपणाला हातही लावला नाहीये."

"तुला कशा मिळतील?" सोलवाय म्हणाली. "तू नवा. कोरी पाटी. मेलेल्या माणसाला दंड होत नाही. आक्सेल, ती फाइल शेकोटीवर टाकून दे. छान पेटेल."

आक्सेलने फाइल छातीशी धरली. त्याच्या चेहऱ्यावरून एक एक करून चार वर्षं सरकली. मार्चचा वारा, पाठीत भरलेली उसण, बारा नंबरच्या कुत्र्याने फाडलेली पँट, आणि सगळं कशासाठी? चार सेंटिमीटर मोकळे सुटावेत म्हणून?

"ताकिदी कायम राहतील," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कुणाच्या नावावर?"

"कुंपण तेच आहे."

"कुंपणाला ताकीद देता येते का? नियम दाखव."

त्याने पुस्तिका चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. टोवेने सावकाश केकचा घास घेतला. फाटकाबाहेर समुद्रपक्षी ओरडत होते.

"ताकीद," आक्सेल अखेर म्हणाला, "सदस्याला दिली जाते. आणि चौदा नंबरचा सदस्य..." त्याने पुस्तिका मिटली. "तोच आहे. म्हणजे तीच आहे. पहिल्यापासून. नंबर कुठलाही असो."

"इतिवृत्तात लिही," टोवे म्हणाली. "मोठ्या अक्षरात. आणि यादीत दाखल तारीख तीच, सतरा वर्षांपूर्वीची."

त्याने लिहिलं. खाली सह्या झाल्या. मग त्याने कोरा कागद घेतला आणि तिसरी ताकीद हाताने नव्याने लिहिली, कारण आधीची पोचलीच नव्हती, आणि न पोचलेली ताकीद आक्सेलच्या लेखी पापासमान होती. वर नाव घातलं: सोलवाय थ्राने. त्याखाली नवा क्रमांक, शेवटचा आकडा सम. खाली जाड रेघ मारून: कुंपण चार सेंटिमीटर जास्त, मुदत तीन दिवस, अन्यथा बाग जप्त.

सोलवायने ती दोनदा वाचली. स्वतःच्या नावानिशी आणि नव्या क्रमांकानिशी तिला आलेलं सरकारच्या पत्रानंतरचं हे पहिलंच पत्र, आणि त्यात शिव्या होत्या! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय?" आक्सेल गडबडला. "उत्तर कोपऱ्यात पंच्याऐंशी आहेच."

"असू दे रे. फार छान लिहिलंयस."

दंतवैद्य उठला, टेप गुंडाळली. चौदा वर्षांत आता आणखी काही वर्षांची भर, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. सोलवायला त्याची दया आली. रांगेतल्या माणसाची दया रांगेत उभं राहिलेल्यालाच येते.

"शिडी धरशील का जरा?" तिने विचारलं. "गूजबेरी जुलैत पिकतात. टोपली घेऊन ये."

"दातांना आंबट असतात त्या," तो म्हणाला, आणि शिडी धरायला गेला.

आक्सेल मात्र झेंड्याखालीच अडकून उभा होता. "अर्ध्यावर चढवलेला झेंडा," तो पुस्तिकेवर नाक ठेवून पुटपुटला, "अंत्यविधी झाल्यावरच वर नेता येतो. आणि इथे तर पुरायला कुणी नाही! सूर्यास्तापर्यंत असाच ठेवू की काय?"

सोलवायने टोपलीतून लीकचं एक रोप उचललं, खांबाच्या बुंध्याशी बोटाने भोक पाडलं, रोप आत सोडलं आणि माती दाबली.

"झालं. पुरलं."

आक्सेलने रोपाकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं, मग टोपी काढली आणि दोरी ओढली. लाल-पांढरा झेंडा सरसर टोकाला गेला आणि एस्बियर्गच्या वाऱ्यात फडफडू लागला.

मंगळवारी सांक्ट हान्सच्या शेकोटीवर चौदा नंबरच्या कुंपणाचे चार सेंटिमीटर सगळ्यांत आधी पेटले. आक्सेलने ते दोनदा मोजून घेतले होते. तिसरी ताकीद मात्र सोलवायने शेकोटीला दिली नाही. पिवळ्या घरात, पलंगाच्या वर, चौकटीत बसवून टांगली. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ती अभिमानाने सांगते, "वाच, वाच. वर नाव वाच."